सुरू झाल्याची नोंद, बंद झाल्याची नाही

काही गुन्हे उलगडले तरी डोक्यात गुंता राहतोच. केळीच्या नंबरांची ती केस मला आजही तशीच आठवते. नातवंडांनो, ज्या यंत्रांवर तुमचं तिकडे परदेशात पोट चालतं, तसलंच एक यंत्र नव्वदच्या दशकात जळगावात आलं आणि त्याने एका मुलीला जवळजवळ कोठडीपर्यंत पोचवलं.

मी तेव्हा फौजदार होते, धुळ्याहून नुकतीच बदलून आलेली. एका केळी व्यापाऱ्याचा तक्रार अर्ज आला तेव्हा साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुम्ही इंग्रजी शाळेत शिकलात. कॉम्प्युटर तुम्हालाच कळणार." मी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. पण साहेबांपुढे नाही म्हणायची पद्धत नव्हती.

व्यापार असा चाले. शेतकरी पेढीवर येऊन कापणीसाठी नाव नोंदवी. खिडकीत बसलेली ऑपरेटर मुलगी नाव टाइप करून छापील चिठ्ठी देई. सकाळी यादी निघे आणि त्या क्रमाने कापणीची टोळी व ट्रक बागेत जात. नंबर हुकला की माल हातचा गेला, कारण पिकलेली केळी दूरच्या बाजाराला जात नाहीत. गेल्या काही आठवड्यांपासून, म्हणजे पेढीवर कॉम्प्युटर बसल्यापासून, हातात चिठ्ठी असलेल्यांची नावं सकाळच्या यादीत नसत. तीही नेमकी यावलकडच्या लहान शेतकऱ्यांची.

मी गेले तेव्हा पेढीच्या शेडमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "ताई, हे पाहा. नाव हाये, शिक्का हाये. मंग यादीतून माह्यंच नाव कसं जाते? केयी झाडावरच पिकून राह्यली! मोठ्यायचं नाव का नाही जात?"

चिठ्ठी घेऊन मी आत गेले. अर्ज करणारे पेढीचे मालक, ज्यांना सगळे मोठे शेठजी म्हणत, त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. ते म्हणाले, "बाईसाहेब, मशीनला दुसरं कोणी हात लावत नाही. पोरगीच पैसे खाऊन नावं पुसते. अटक करा."

त्यातच माझ्या हवालदाराला खबर लागली की त्या मुलीच्या सख्ख्या मामाचं नाव यादीत दोनदा आहे. खबर खरी निघाली. साहेबांनी फोनवर सांगितलं, "आता काय राहिलं? गुन्हा दाखल करा, आत घ्या."

मुलीला मी जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. बरोबर वडील होते. ते एका सूतगिरणीत कामाला. तिचं बोलणं स्पष्ट होतं.

"नावं तू पुसतेस?"

"मॅडम, पुसायचं मला शिकवलेलंच नाही. मी टाइप करते, चिठ्ठी निघते. सकाळी बघते तर नाव नसतं. मलाच कळत नाही."

"मामाचं नाव दोनदा कसं?"

"मी एकदाच टाकलं होतं."

"मग दुसऱ्यांदा कोणी टाकलं? भुताने?"

"गावात तेच म्हणतात, मॅडम. फक्त ते भूत म्हणजे मीच, असं म्हणतात."

खोटं बोलणारा माणूस सहसा एखादी गोष्ट रचून आणतो. हिच्याकडे गोष्टच नव्हती. साहेबांकडून मी मुदत मागून घेतली आणि ते यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो धुळ्याला दुसऱ्या कामावर होता, तिथून एसटीने आला.

मागच्या खोलीतल्या कपाटात मोठं यंत्र होतं. त्याला सर्व्हर म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. इंजिनिअरने आधी डेटाबेसची तपासणी लावली, म्हणजे आतली नावं आणि ती शोधायची सूची यांचा मेळ बसतो का ते यंत्राकडूनच पाहिलं. मेळ बसेना. काही नावं अर्धवट होती. काही सूचीत दोनदा होती, आणि त्यांत शेठजींच्या स्वतःच्या बागेचंही नाव होतं.

मी विचारलं, "म्हणजे शेठजींनीही पैसे खाल्ले का?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

"कोणी काय केलं, ते लिहून ठेवायची सोय यात आहे," इंजिनिअर म्हणाला. "तिला लॉग म्हणतात. जागा फार खाते म्हणून आमच्याच माणसाने ती बंद ठेवली."

"आमच्या स्टेशन डायरीसारखी?"

"अगदी तशीच."

डायरीच बंद ठेवलेलं ठाणं मी मनात आणलं आणि त्याला ती सोय लगेच चालू करायला सांगितली. त्याने लॉग चालू केला. कोण आलं, काय लिहिलं, काय पुसलं, यंत्र केव्हा सुरू झालं, केव्हा बंद झालं, सगळं नोंदवलं जाईल अशी मांडणी केली. मुलीला मी रोजच्यासारखंच काम करायला सांगितलं आणि शेजारी महिला शिपाई बसवली.

काही दिवसांनी लॉगचे कागद छापून निघाले. नाव पुसल्याची एकही नोंद नव्हती. तरी नावं गेलीच होती. माझा गोंधळ वाढला. इंजिनिअर मात्र एका गोष्टीवर अडला. "रोज सकाळी 'सुरू' लिहिलंय. 'बंद' कुठेच नाही."

हवालदार म्हणाला, "म्हणजे मॅडम, आरोपी दारातून येतो आणि खिडकीतून पळतो."

मी पेढीवरच्या प्रत्येकाला विचारलं, "संध्याकाळी हे यंत्र कोण बंद करतं?" सगळ्यांचं एकच उत्तर, "कोणी नाही. त्याला हातच लावायचा नाही." मुलीला तर तशी ताकीदच होती. ती आपल्या कॉम्प्युटरचा पडदा बंद करून घरी जाई. सगळे खरं बोलत होते, हे मला दिसत होतं. तरीही यंत्र बंद होत होतं.

शेवटी इंजिनिअरला सोबत घेऊन मी काही न विचारता पेढी बंद होईपर्यंत बसून राहिले. यावलची शेवटची गाडी आली, चार-सहा शेतकरी धावत आले. मुलीने नावं घेतली, चिठ्ठ्या दिल्या, पर्स उचलली. मोठे शेठजी गादीवरून उठले. त्यांनी चपला काढल्या, देवाच्या तसबिरीला हात जोडले आणि विजेच्या मुख्य खटक्यापाशी जाऊन तो खाली ओढला. पेढी अंधारली. मागच्या खोलीत, वीज गेली तरी सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरीची पेटी टिट-टिट ओरडू लागली. शेठजी आत गेले आणि तिचंही बटण दाबून आले.

"शेठजी, हे काय केलंत?"

"दुकान वाढवलं. बंद केलं म्हणायचं नसतं," ते आश्चर्याने म्हणाले. "आमच्या आजोबांपासून घरातला मोठा माणूसच वाढवतो. आणि दुकान वाढवल्यावर मागे रडणं चांगलं नाही, म्हणून ती पेटीही."

"मशीनला कोणी हात लावत नाही म्हणालात ना?"

"मशीनला कुठे लावला? मी दुकान वाढवलं."

इंजिनिअरने कपाळाला हात लावला. टाइप केलेलं नाव आधी यंत्राच्या स्मरणात राहतं आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतं, असं त्याने सांगितलं. मधेच वीज तोडली की शेवटची नावं जातात आणि सूची मोडून काही नावं दोनदा येतात, मामाचं आलं तसं. म्हणून शेवटच्या गाडीने येणारेच रोज बुडत होते. चिठ्ठी छापली गेली तरी नाव डिस्कवर कसं नसतं, हे मी त्याला तीनदा विचारलं. तीनदा समजल्यासारखी मान हलवली.

शेठजी अर्ज मागे घ्यायला तयार झाले, पण गुपचूप. मुलगी ऐकेना. "माझं नाव शेडमध्ये खराब झालंय. तिथेच सांगा." दुसऱ्या दिवशी शेठजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. मोडलेली सूची नव्याने बांधली गेली आणि ज्यांच्या हातात चिठ्ठी होती त्यांच्या बागा आधी कापायचं ठरलं. म्हाताऱ्याने टोपी सरळ केली. "शेठ, खटका तुम्ही वढला अन् कोठडी पोरीले दाखवली व्हय?"

शेठजींनी पद्धत मात्र सोडली नाही. इंजिनिअरने मुलीला सर्व्हर नीट बंद करायला शिकवलं. शेठजी म्हणाले, "पोरी, आधी तू तुझं वाढवत जा. मग मी माझं."

तपासात आपण विचारतो, "कोणी काय केलं?" माणसं खरं उत्तर देतात. पण रोज हात जोडून केलेली गोष्ट आपण 'केली', असं कुणाला वाटतच नाही. ती चौकशीत येत नाही, जबाबात उतरत नाही. त्यानंतर कुठल्याही तपासाला गेले की मी आधी एका कोपऱ्यात बसून त्या जागेचा अख्खा दिवस पाहून घेत असे. प्रश्न नंतर.