प्लास्टिकला ओवळं नाही

माझ्या भावजयीनं सुपारीच्या ताटांचा कारखाना काढला तेव्हा घरातल्या कुणीही तिला शहाणी म्हटलं नाही. कारखाना कसला, तारिहाळला एक पत्र्याची शेड, आत दोन प्रेस आणि जवळच्या खेड्यातून कामाला येणाऱ्या चारपाच बायका. सुपारीच्या झावळीचं बूड रुंद आणि चिवट असतं, ते गळून पडलेलं शिरशीकडून गाडी भरून यायचं. आमच्याकडं त्याला कन्नड शब्दच चालतो, हाळे. ती भिजवायची, ब्रशनं घासून धुवायची, तापलेल्या साच्यात दाबायची, झालं ताट. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, तिला चिडवायचा, “हाळे घेऊन बसलीय, आता सगळं हाळु करणार.” कन्नडमध्ये हाळु म्हणजे नासाडी. ती हसायची आणि कामाला लागायची. मला तिचं कौतुक होतं आणि धास्तीही होती, कारण भावाचं गोकुळ रोडवरचं वर्कशॉप बंद पडलं होतं आणि त्यांचं घर त्या शेडवरच चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे कसंबसं. गिऱ्हाईक यायचं, ताट उलटंपालटं करून बघायचं, वास घ्यायचं, “छान आहे हो” म्हणायचं आणि बाजारातून चकचकीत कागदी ताटं घेऊन जायचं. त्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, तो कुजत नाही, हे सांगून सांगून तिचा घसा बसायचा. पावसाळ्यात ताटांना बुरा धरायचा तो वेगळाच. शेवटी माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ती घरी आली. म्हणाली, “अक्का, पंगतीला माझी ताटं मांडा. आपले सगळे लोक येणार. एकदा त्यावर जेवले की आपणहून मागतील. नाहीतर संक्रांतीनंतर प्रेस विकायच्या, ठरलंय आमचं.”

मी म्हटलं, “होय की, त्यात विचारायचं काय?”

मी जन्मभर धारवाडच्या शाळेत भूगोल शिकवला. आमचं गाव पाणलोटाच्या कण्यावर बसलंय. एका उताराचं पाणी शाल्मलेतून घाट उतरून अरबी समुद्राला जातं, दुसऱ्या उताराचं मलप्रभा-कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. मुलांना हे सांगताना मला फार अभिमान वाटायचा, जसं काही ते समुद्र मीच वाटून दिलेत. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, मग आपला कचरा पण दोन्हीकडं जातो का?” वर्ग हसला, मीही हसले. आता कुठल्याही मंगल कार्यालयामागचा नाला बघा. ग्लास, बाटल्या, चमचे, पिशव्या, आणि त्यात तोंड घालून उभी असलेली गाय. एक पाऊस झाला की नाला मोकळा होतो आणि लोक म्हणतात, स्वच्छ झालं. कुठं गेलं ते सगळं, हे कुणी विचारत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी जेवणाच्या हॉलमध्ये ताटं मांडून झाली. मातकट रंगाची, शिरा असलेली, प्रत्येक वेगळं. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आमच्या ह्यांच्या आत्याबाई आल्या. सोवळ्याओवळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी ताटाला हात न लावता विचारलं, “ही कुणी केली?”

“माझ्या भावजयीच्या शेडमध्ये बायका करतात.”

“कुठल्या बायका?”

त्या काय विचारत होत्या ते मला लख्ख कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “हातपाय असलेल्या.”

भावजय मागंच उभी होती. आत्याबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “कुणाकुणाचे हात लागलेत कुणास ठाऊक. यावर नैवेद्याचं अन्न वाढायचं?”

आचारी असल्या प्रसंगांत मुरलेला. तो म्हणाला, “शीट हाकोणु बिड्री.” म्हणजे शीट घालू या, सोडा की. त्याच्याकडं गोल कापलेल्या पातळ प्लास्टिकचा गठ्ठा तयारच होता. आत्याबाईंचा चेहरा उजळला. “हे चालेल,” त्या म्हणाल्या. “प्लास्टिकला ओवळं नाही.”

“का नाही? ते कुणी केलं ते विचारा की आधी.”

“ते मशीननं होतं.”

“ताटंसुद्धा मशीननंच होतात, आत्याबाई.”

पण व्याही मंडळी दारात आली होती आणि ह्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. शुभकार्य आहे, आज वाद नको, म्हणाले. मी वळून बघेपर्यंत अर्ध्या ताटांवर प्लास्टिक पसरलं होतं.

लोक जेवले. भात प्लास्टिकवर, सारू प्लास्टिकवर, बोटं प्लास्टिकवर घसरत होती. ताटाला एकाचंही बोट लागलं नाही. हुबळीहून आलेल्या एका दुकानदाराच्या बायकोनं मला मुद्दाम बोलावून सांगितलं, “शीट टाकली ते बरं केलंत हो, गळायची भीती नाही.” पंगत उठल्यावर वाढप्यांनी ताट, शीट, उष्टं, पाण्याच्या बाटल्या असं सगळं एकत्र गुंडाळून काळ्या पिशव्यांत कोंबलं आणि गाठी मारल्या. मातीत गेलं असतं तर जे माती झालं असतं, ते आम्ही नीट बांधून ठेवलं. मी एका वाढप्याला म्हटलं, निदान ताटं वेगळी काढा. तो म्हणाला, “टाइम इल्ला अक्का, दुसरी पंगत खोळंबलीय.” भावजय त्या दुसऱ्या पंगतीला जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

मला वाटलं, संपलं. प्रेस जाणार. पण आठवडाभरात तिला फोन यायला लागले. त्या लग्नातली ताटं पाहिजेत, मुंजीला पाहिजेत, बारशाला पाहिजेत. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, शीटसकट द्या.

मी तडक तारिहाळला गेले. तिला सांगायचं ठरवलं होतं की नाही म्हण, सरळ नाही म्हण. शेडमध्ये प्रेसचा आवाज चालू होता. ती चटईवर बसून प्लास्टिकच्या रोलातून गोल कापत होती, आणि तिच्या बायका ताटांच्या चळतीत एकेक शीट घालत होत्या. ओवळ्या हातांनी घातलेली शीट. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

“अगं, मग हे सगळं केलंस कशासाठी?” मी विचारलं.

तिनं वर बघितलं नाही. “प्रेस राहिल्या, अक्का. बायका कामावर राहिल्या.” मग पुढचा गोल कापत म्हणाली, “समुद्राचं मला नका सांगू. माझ्या ताटांनी तो वाचणार नव्हता, ते तुम्हालाही माहीत होतं.”

माहीत होतं. गाडी न्यायला यायची होती आणि माल अजून भरायचा होता, म्हणून तिनं एक चळत आणि शीटांचा एक गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मी पदर खोचला, खाली बसले आणि ताटावर शीट, शीटवर ताट असं रचत गेले.