सगळ्यांना कुठून तरी आणलं होतं

दहावीच्या वर्गाला प्रजननाचा धडा मी शिकवते. मुलं माना खाली घालून हसतात, मुली वहीत उगाच रेघोट्या ओढतात, आणि मी फळ्यावर आकृती काढून एकेक भाग न अडखळता सांगत जाते. शाळेत मला धीट बाई समजतात. पण माझ्या तिसरीतल्या लेकीनं तिच्या शाळेच्या वाचनालयातून बाळांचं एक पुस्तक घरी आणलं, तेव्हा याच धीट बाईची पाचावर धारण बसली.

मोठमोठ्या चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं. जगात कुठंकुठं बाळं कशी वाढवतात ते त्यात होतं. कुठं बाळाला फळीला बांधून आई पाठीवर घेते, कुठं ऐन थंडीत बाबागाडीत घालून उघड्या अंगणात झोपवतात. लेक पालथी पडून मोठ्यानं वाचत होती आणि मी शेजारी मटकी निवडत पुस्तक कधी संपतंय याची वाट बघत होते. पहिल्याच पानावर पोट पुढं आलेली एक बाई होती. त्या पोटावर बोट ठेवून लेकीनं विचारलं, मी तुझ्या पोटात होते तेव्हा आपण कुठल्या दवाखान्यात गेलो होतो? अकलूजच्या, मी म्हणाले. हे उत्तर माझ्या तोंडात कायम तयार असतं.

लेक आम्ही दत्तक घेतलेली आहे. घरी आली तेव्हा चार महिन्यांची होती. त्याआधी पुण्यापर्यंतच्या डॉक्टरांचे जिने चढून झाले होते, उपासतापास झाले होते. सासूबाई सुरुवातीला दत्तकाचं नावच काढू देत नव्हत्या. मग तयार झाल्या, पण एका अटीवर. पोरीला हे कधीही कळता कामा नये. देवघरासमोर माझा हात हातात धरून त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं. मला बाळ हवं होतं. त्यांनी आणखी काही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

बाळ मिळणार असं दत्तक देणाऱ्या संस्थेकडून कळल्याबरोबर माझी रवानगी अकलूजला, माहेरी झाली. नजर लागू नये म्हणून दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं, ही बातमी सोलापुरात पसरवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. इकडं अकलूजला सगळी गल्ली ओळखीची, आणि माझं पोट तर काही वाढत नव्हतं. म्हणून मी माडीवरच्या खोलीत बसून राहिले. उसाचे ट्रॅक्टर जाताना खिडकीतून दिसायचे तेवढीच करमणूक. आई ताट वर आणून द्यायची आणि दार ओढून घेऊन जायची. मला बाळ मिळणार होतं आणि मी चोरासारखी लपून बसले होते. याचा इतका संताप यायचा की कित्येकदा ताट तसंच परत जायचं.

बाळाला घेऊन सोलापूरला परत आल्यावर वाटलं, सुटले. पण खरी कोंडी पुढंच होती. बायका भेटल्या की पहिला प्रश्न, नॉर्मल की सीझर? मी एकदा गडबडून सीझर म्हणाले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी दुसऱ्या मैत्रिणीला नॉर्मल सांगितलं होतं, तेही कळा किती आल्या त्याच्या वर्णनासकट. मग कुणासमोर काय बोलायचं ते घरातून निघतानाच आम्ही दोघी ठरवून घ्यायला लागलो. सीझरनंतर कंबर धरते ना, असं बायका विचारायच्या आणि मी हो हो म्हणायचे. पुढं पुढं माझी कंबर खरंच दुखायला लागली.

संस्थेच्या समाजसेविका घरी यायच्या. लवकर सांगा, गोष्टीसारखं सांगा, कळत्या वयात बाहेरून कळलं तर जड जातं, असं त्या दर वेळी समजावायच्या. सासूबाई त्यांना पोहे द्यायच्या, अगदी मनापासून मान डोलवायच्या, आणि त्या जिना उतरल्या की मला म्हणायच्या, "त्यांचं काय जातंय सांगायला? उद्या कुणी भांडणात बोललं तर पोरगी आपली ऱ्हाईल का?" त्या रागानं बोलत नसत. त्यांना खरंच भीती वाटायची. मी त्यांच्यावर धड चिडूही शकत नव्हते आणि लेकीच्या डोळ्याला धड डोळाही देऊ शकत नव्हते. लेक मोठी होत चालली होती आणि माझी झोप उडत चालली होती.

तर ते पुस्तक. त्याच्या शेवटी एक गमतीचं पान होतं. बाळ कुठून येतं असं मुलांनी विचारलं की कुठल्या देशातली मोठी माणसं काय थापा मारतात ते त्यात दिलं होतं. कुणी म्हणतं लांब पायांचा पांढरा पक्षी गाठोड्यातून आणून टाकतो, कुणी म्हणतं कोबीच्या शेतात सापडतं. आपल्याकडचं मात्र काही नव्हतं. लेकीला ते अजिबात पटलं नाही. आपल्याकडं काय सांगतात ते आपण शोधायचं, असं तिनं जाहीर केलं.

रविवारी आम्ही सगळे एकत्र जेवतो. जुळे सोलापूर भागातल्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी राहतात. लहानपणी तुम्हाला कुठून आणलं म्हणून सांगायचे, असं जेवताना लेकीनं प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. दिरांना बोहारणीकडून घेतलेलं, दोन जुन्या साड्या आणि एक फाटकी पँट देऊन. माझा नवरा, म्हणजे तिचे अप्पा, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सापडलेला. जाऊबाई विजापूरच्या गाडीत कुणीतरी विसरून गेलेल्या, मी उसाच्या फडातली. पुतणीला संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेलं, फुगेवाल्याशी घासाघीस करून. सगळे पोट धरून हसत होते आणि मीही त्यांच्यात होते.

"आणि मला?" लेकीनं विचारलं.

दिरांनी आमटीची वाटी जवळ ओढली.

"मला कुठून आणलं म्हणून कुणी कधीच चिडवलं नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

ते खरं होतं. असं चिडवू नका म्हणून आम्ही कुणाला बजावलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या समजुतीनं, तिला लागू नये म्हणून, तेवढी एक थट्टा तिच्या बाबतीत बाजूला ठेवली होती. शेजारी बसलेल्या पुतणीला फुगेवाल्याला परत देऊन टाकायची धमकी दिवसातून एकदा तरी मिळायची, आणि ही आपली वाट बघत बसलेली. आम्ही सगळे इतके जपून वागलो की त्यातच आमचं बिंग फुटलं.

"तुला कुटनं आणायचं गं?" सासूबाई म्हणाल्या. "तू आमचीच हाईस की."

"मग अप्पा तुझे नाहीत, अज्जी? काका तुझे नाहीत?"

जाऊबाईंनी भात वाढायच्या निमित्तानं विषय मोडला. लेकीनं जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला चित्रकलेच्या क्लासहून स्कूटीवर घेऊन येत होते. आसरा चौकाच्या गर्दीत, माझ्या पाठीला तोंड लावून तिनं विचारलं, "आई, मला खरंच आणलंय ना? बाकीच्यांचं खोटं आहे आणि माझं खरं आहे."

पुढं रिक्षा, मागं बस, कुठं वळायला जागा नाही. चौक ओलांडेपर्यंत ती उत्तरासाठी माझी ओढणी धरून बसली होती. देवघरासमोरचा हात मला आठवत होता, नाही असं नाही. पण नाही म्हणायला तोंड उघडेना. एका रसवंतीपाशी गाडी लावली, रस सांगितला आणि म्हणाले, "हो. तुला आणलंय."

मग जे होतं ते सगळं सांगितलं. पिवळं झबलं घातलेलं होतं, ती झोपलेली होती आणि अप्पांनी घेतल्या घेतल्या असं भोकाड पसरलं की घाबरून त्यांनी तिला संस्थेतल्या मावशींकडं परत दिलं. यावर ती हसली. कुणाच्या पोटात होते, असं तिनं विचारलं. मला माहीत नाही, मी म्हणाले. मी इथं आहे हे त्या बाईला माहीत आहे का? नाही. मग ती घरातल्या एकेकाला धरून विचारायला लागली. अप्पांना माहीत आहे? काकाला, काकूला? अकलूजच्या आजीला? मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले.

"म्हणजे फक्त मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मला रडू आलं, तिला आलं नाही. तिनं रस संपवला आणि ग्लास नीट काउंटरवर नेऊन ठेवला. परत आल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "अज्जीला सांगू नकोस मला कळलंय ते. तिला वाईट वाटेल."

असं लपवायचं नसतं बाळा, असं म्हणायचा मला काय अधिकार होता? मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर सासूबाई तिला पुढ्यात घेऊन वेणी घालायला बसल्या. मी ओट्याशी भाकरी थापत होते. "केस बघ कसं दाट हायत," त्या म्हणाल्या, "अगदी आईवर गेलीस."

मी थापायची थांबले.

"व्हय की," लेक म्हणाली. "अजून कशात गेलीय मी आईवर?"

सासूबाईंना हुरूप आला. भुवया, चाल, हट्ट, उजव्या कुशीवर झोपायची सवय, एकेक त्या सांगत गेल्या. लेक मध्येच "आणि?" म्हणायची, म्हणजे त्यांना पुढचं सुचायचं. वेणी संपली तरी ती उठली नाही. एकदाही तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.