भीतीपुरती ओळख

सुहासिनी चिटणीस तशी कुणाच्या बापाला न भिणारी बाई. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, भ्यायची ती मुलं. पण त्या सकाळी नवऱ्यानं तिच्या हातून चहाचा कप घेतला आणि अदबीनं विचारलं, "बेन, तमे कोने त्यांथी आव्यां?" बाई, तुम्ही कुणाकडून आलात? त्या दिवशी ती भ्याली.

बडोद्यातल्या मराठी घरांची रीतच आहे, उंबऱ्याबाहेर गुजराती, आत मराठी. गजेंद्ररावांनी आयुष्यात बायकोशी गुजरातीत अवाक्षर काढलं नव्हतं. विसरण्याचा आजार वर्षभर होताच. चष्मा, रिफायनरीतली नोकरी, मुलाचं नाव, एकेक करून गेलं. आता तिची पाळी आली होती.

मुलगा विहंग फोनवर म्हणाला, "आई, लग्नाचे फोटो दाखव ना बाबांना." दाखवले. श्रीखंड केलं. गजेंद्ररावांनी बोटं चाटत "बहु सरस, बेन" म्हणून शाबासकी दिली.

मग एका दुपारी त्यांच्या अकोटा भागातल्या घरी अंगणातली टाकी भरून वाहिली आणि पाणी आत आलं. गजेंद्रराव ताडकन उठले. "सुहास, वर चढ! मगर आहे, पाय उचल आधी!" दोन वर्षांपूर्वी विश्वामित्रीच्या पुरात अंगणात मगर शिरली, तेव्हाही त्यांनी तिला असंच मनगट धरून जिन्यावर ओढलं होतं. लग्न पुसलं गेलं, पोरगा पुसला गेला. भीतीनं कोरलेलं तेवढं उरलं होतं, आणि त्यात ती होती. सुहासिनी जिन्यावर बसून आनंदानं रडली.

माणूस हावरट असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा "बेन" ऐकल्यावर ती न्हाणीघरातून भरलेली बादली घेऊन आली. आपण काय करतोय हे कळत होतं. तरी ओतली.

"सुहास!" त्यांनी तिला कवटाळलं. त्यांच्या छातीची धडधड थांबेचना. ओठ पांढरे पडले, पायजमा ओला झाला, आणि ते पाणी बादलीतलं नव्हतं. यांना आत्ता काही झालं तर? मगरीलाही ती एवढी घाबरली नव्हती. "अहो, गेली मगर. खरंच गेली, बघा," म्हणत तिनं त्यांचे कपडे बदलले, फरशी कोरडीठाक पुसली.

हळूहळू त्यांचा श्वास जाग्यावर आला. चेहरा निवळला. तिच्याकडे शांत, परक्या नजरेनं बघत त्यांनी गुजरातीत विचारलं, आपण कोण?

"पाडोशी छुं, भाई," शेजारीण आहे, असं सुहासिनी म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.