मागची खडखड

आमची सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी बायकापोरांना घेऊन फिरतं आणि आम्ही चाकणच्या कारखान्यांत जाणारे गुरुवारी चिखलीच्या रिकाम्या गल्लीत कपडे वाळत घालतो. त्यात मी एकटा. लग्न टिकलं नाही, तो विषय जाऊ द्या. दिवसातलं माझं जे काही बोलणं व्हायचं ते गाडीवर, मोशीमार्गे चाकणला जाताना-येताना, मागे बसलेल्या कंपनीतल्या जोडीदाराशी.

तो परभणीकडचा, पलीकडच्या गल्लीत राहायचा. आमची कंपनी एकच. तो बुश बोअरिंगच्या मशीनवर, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या धातूच्या नळ्या आतून मापात कातायचा, आणि मी क्वालिटीला. त्याने केलेला बुश केसभर ढिला निघाला तरी मी नापास मालाच्या लाल डब्यात टाकायचो. तो कधी चिडला नाही. अकरा वर्षं आम्ही एका गाडीवर गेलो.

गेल्या वर्षी तो म्हणायला लागला, "मागं लई खडखड करायली रे. लिंकेजमध्ये प्ले आलाय, बुश गेलेत. उघडून बघू एकदा." लिंकेज म्हणजे मागचं चाक आणि शॉकअप यांना जोडणारे लोखंडी दुवे. त्यांच्या सांध्यात बुश असतात, ते झिजले की सांधा खुळखुळतो, तोच प्ले. त्याचं बरोबर होतं. पण मला राग आला. दिवसभर मी लोकांच्या चुका काढायच्या आणि माझ्या गाडीत हा काढणार? "फुकटात बसायचं आणि वर नखरे," असं मी बोलून गेलो. मग त्याला दाखवायचं म्हणून पान्याला पाइप लावला आणि लिंकेजचे बोल्ट जीव खाऊन आवळले. खडखड बंद झाली. "झालं समाधान?" मी विचारलं. त्याने पाइप उचलून कोपऱ्यात ठेवला.

दुसऱ्याच सकाळी मोशीच्या पुढे गाडी एका खड्ड्यात आदळली आणि त्याची कंबर धरली. गाडीवरून उतरला तर त्याला सरळ उभं राहता येईना. मी खड्ड्याला शिव्या घातल्या, रस्ता करणाऱ्याला शिव्या घातल्या. तो महिनाभर घरी होता, नंतर पट्टा बांधून कंपनीच्या बसने यायला लागला. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. मीही ताठलो. येत नाही तर नाही, गेला उडत. असे आठ महिने गेले, आणि या आठ महिन्यांत मी घरात मोठ्याने बोललो ते फक्त फोनवर गॅसचा नंबर लावताना.

परवाच्या गुरुवारी गाडी उघडायला घेतली. मागून फारच कडक लागत होती, बाकड्यावर बसल्यासारखी. इंजिनखाली लाकडाचे ठोकळे दिले, चाक उचललं. पहिला बोल्ट हातोडीने ठोकून ठोकून काढला आणि आत बघून तसाच लादीवर बसून राहिलो. ग्रीसचं नाव नाही. बुश एका बाजूने झिजून अंडाकृती झालेला. आणि दुव्याचे दोन्ही कान, म्हणजे बोल्ट जातो त्या पट्ट्या, आत वाकून सांध्याला चिमटून बसलेले, मी पाइप लावून आवळलं होतं ना, त्यामुळे. प्ले मी काढलाच नव्हता, नुसता दाबून टाकला होता. सांधा हलतच नव्हता. म्हणजे त्या सकाळी खड्ड्याचा सगळा दणका सरळ सीटला गेला, आणि सीटवर तो होता. मला स्वतःची लाज वाटली.

चिंचवडहून नवे दुवे आणि बुश आणले. ग्रीस भरलं, बोल्ट मापात आवळले. आता प्ले बघायचा. हे काम खरं तर दोघांचं. एकाने मागून चाक वर-खाली करायचं, दुसऱ्याने सांध्याला बोट लावायचं. प्ले असला तर बोटाला टिकटिक लागते. आमचं ठरलेलं असायचं, चाक त्याने हलवायचं, बोट मी लावायचं. शेवटी लादीवर उताणा पडलो, पायाने चाक ढकललं आणि हात लांबवून बोट लावलं. वरच्या मजल्यावरच्या काकू दोरीवरचे कपडे काढता काढता बघत राहिल्या. टिकटिक लागली नाही.

संध्याकाळी गाडी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. उभ्या उभ्याच सांगितलं, "चूक माझी होती. मी बोल्ट आवळून सांधा जाम केला होता."

"माहीत हाय," तो म्हणाला. "बुशवर उगं काढली का इतकी वर्षं? कंबर धरली त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मी म्हटलं, "आता गाडी एकदम मऊ झालीय. उद्यापासून चल."

"डॉक्टरनं गाडी बंद केली, राव. कायमची."

मग तो खुर्चीचा हात धरून सावकाश उठला. गाडीपाशी आला, सीटवर तळहात ठेवून दोनदा दाबलं, कान देऊन ऐकलं. "पास," म्हणाला. आणि जरा थांबून, "शॉकअप दोघांच्या सेटिंगवर हाय. एकट्याला आदळंल. खाली कर."

घरी येऊन पाना लावला. शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण ठरवणारी रिंग अकरा वर्षं त्याच खाचेत होती, गंजून बसलेली. तेल सोडून बराच वेळ थांबावं लागलं, मग एकेक खाच खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मोशीच्या पुढचा तो खड्डा अजून बुजलेला नाही. गाडी त्यात अलगद उतरली आणि अलगद वर आली, काही आवाज नाही. "बघितलंस?" मी मान जरा मागे करून म्हणालो, आणि मग चाकण येईपर्यंत गप्प बसलो.