मेहुण्याच्या रॅकेटमधले तीस ग्रॅम

मी माझ्या मेहुण्याची टेनिसची रॅकेट मुद्दाम बिघडवली. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात धजावेल. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो पोलादपूरला गुरांचा डॉक्टर आहे आणि स्वभावाने इतका सरळ, की त्याला फसवायला अक्कल लागत नाही. म्हणूनच ते मला जमलं.

मी महाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. एमआयडीसीतल्या एका कॉलनीत सिमेंटचं टेनिस कोर्ट आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. दिवाळीनंतर ते घासून काढलं की सकाळी सहाला आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो. सगळ्यांचे गुडघे गेलेले. त्यातल्या त्यात माझे कमी गेलेले, म्हणून वर्षानुवर्षं तिथला पहिला नंबर माझा होता. दोन वर्षांपूर्वी मीच मेहुण्याला तिथे नेलं, माझी जुनी रॅकेट दिली, कशी धरायची ते शिकवलं. ज्या माणसाने निम्मं आयुष्य अडलेल्या म्हशी सोडवण्यात घालवलं, त्याच्या दंडात किती जोर असेल याचा विचार मी केला नव्हता. वर्षभरात तो मला सहा-एकने हरवू लागला. हरल्याचं मी सोसलं असतं. पण प्रत्येक गुण घेतला की तो जाळ्याजवळ येऊन अगदी मनापासून म्हणायचा, "सॉरी हं, भावोजी." एका सकाळी मी ते सॉरी मोजले. एकतीस भरले.

मग मी रॅकेटच्या मागे लागलो. माणूस सुधारत नाही तेव्हा अवजार सुधारतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून मला कळलं, की रॅकेटचं वजन, तिचा तोल आणि मुठीची जाडी आपल्या हाताप्रमाणे करून घेता येते. त्यासाठी शिशाची पट्टी लागते, ती महाडात मिळेना. हायवेवरच्या टायरवाल्याकडे मात्र चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ती पाच-पाच ग्रॅमची चिकटवायची वजनं होती. त्याने विचारलं, "गाडी कुठली?" मी रॅकेट दाखवली. त्याने ती हातात घेऊन चाकासारखी गरगर फिरवली आणि म्हणाला, "उजवीकडे खेचते का?"

वजन मोजायला मी बाजारपेठेतल्या सोनाराकडे जात असे, कारण ग्रॅमचा हिशेब त्याच्याच काट्यावर लागतो. त्याने रॅकेट काट्यावर आडवी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तर, घडणावळ किती लावू?" घरी मी शिसपेन्सिल टेबलाला चिकटवून तिच्यावर रॅकेट तोलत बसे. तोल डोक्याकडे गेला की फटका जड, मुठीकडे आला की हात हलका. महिनाभर हे चाललं. माझ्या खेळात काडीचाही फरक पडला नाही, पण माझ्या ज्ञानाची कीर्ती पसरली. एका रविवारी मेहुणा आपली रॅकेट घेऊन घरी आला.

"भावोजी, माझ्या रॅकेटलाही काहीतरी द्या."

"किती द्यायचं ते तुझ्या हातावर आहे," मी म्हणालो.

"डोस तुम्ही ठरवा."

मी म्हणालो, दहा ग्रॅम. आणि लावले तीस, सगळेच्या सगळे अगदी शेंड्याला, वर काळी टेप. एवढ्यावरही मी थांबलो नाही. त्याचा पंजा मोठा, म्हणून त्याने मुठीवर कापडी पट्टीचे दोन थर जादा गुंडाळले होते. ते मी काढून टाकले. मूठ बारीक झाली, की रॅकेट हातात फिरू नये म्हणून माणूस ती जास्त आवळून धरतो आणि सगळा ताण कोपरावर येतो, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लिहिणं सगळ्यात कठीण जातंय.

तीन दिवस त्याचे चेंडू भिंतीबाहेरच्या करवंदीच्या जाळीत गेले आणि मी जिंकलो. चौथ्या दिवशी त्याला त्या वजनाची सवय झाली. मग त्याचा फटका असा यायला लागला, की आम्ही चेंडू मारायचा सोडून चुकवायला लागलो. "भावोजी, काय जादू केलीत," तो म्हणाला, "सॉरी हं." म्हणजे मी पाप केलं ते केलं आणि हरलोही.

पंधरा दिवसांनी त्याचं कोपर सुजलं. चहाचा कप उचलला की हात थरथरायचा. बायको भावाच्या हाताला तेल चोळत म्हणायची, "त्या म्हशींनीच मोडला माझ्या भावाचा हात." मी पेपर वाचत असल्यासारखं करायचो. गुरांच्या डॉक्टरचा उजवा हात गेला तर त्याच्याकडे काय उरतं? रात्रंदिवस मला पोलादपूर तालुक्यातल्या गाभण म्हशी दिसू लागल्या, सगळ्या माझ्याकडे बघणाऱ्या.

एका रविवारी बायकोने तेलाची बाटली देऊन मला त्याच्याकडे पाठवलं. आज सांगायचंच, असं ठरवून मी स्कूटर काढली. पोलादपूर येईपर्यंत वाक्य पाठ करत होतो. घरी पोहोचलो तर तो बाहेरच निघालेला.

"बरं झालं आलात. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला वरच्या वाडीत म्हैस अडलीय. चला, माझ्या गाडीवर मागे बसा."

मागे बसून कबुलीजबाब देता येत नाही, वाऱ्याने ऐकू जात नाही. तो डाव्या हाताने कोपर चेपत घाट चढवत होता. मला माझं मरणही दिसत होतं आणि ते रास्त वाटत होतं.

गोठ्यात म्हैस उभी, मान खाली. रेडकाचा एकच पाय बाहेर आलेला. म्हशीची मालकीण साठीची, कमरेला पदर खोचलेली. मेहुण्याने साबणाने हात धुऊन उजवा हात आत घातला, कळ आली तशी म्हशीने हात आवळला आणि तो पांढराफटक होऊन बाहेर आला. मग डावा घातला. तोही थोड्या वेळाने बधिर झाला.

"दुसरा पाय मागे दुमडलाय," तो म्हणाला. "जिवंत आहे अजून. भावोजी, शर्ट काढा."

"मी?"

"तुमचा हात सडपातळ आहे."

मालकिणीने मला खालवर पाहिलं. "यांस काय येतं?"

"गणित," मेहुणा म्हणाला.

"नखा तरी कापलीत का, इचारा."

कापली होती. दंडापर्यंत साबण लावून मी हात आत घातला. आत काय आहे ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ऊब अशी होती की क्षणभर थंडी वाजायची थांबली, आणि मग कळ आली तेव्हा मला माझ्या सगळ्या बोटांची हाडं एकेक करून समजली.

"खूर लागला?"

"लागला."

"मुठीत झाका. रॅकेट धरता तसं आवळू नका, पेला धरल्यासारखं धरा. खूर आत घासता कामा नये."

रॅकेट म्हटल्यावर माझा धीर सुटला. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी तीस ग्रॅम लावले होते," मी म्हशीच्या पुठ्ठ्याला गाल टेकवून म्हणालो.

"काय?"

"तुझ्या रॅकेटला. दहा सांगितले, तीस लावले. मुठीचे थर पण काढले. मुद्दाम. तुझं कोपर माझ्यामुळे गेलं, म्हशींमुळे नाही."

मेहुण्याचा हात कोपराकडे गेला.

"कशासाठी?" त्याने विचारलं.

"तू सॉरी म्हणायचास म्हणून."

"मग काय म्हणायचं?"

मालकीण म्हणाली, "अरे, तुमचा काय तो घरचा तंटा घरी करा. म्हस मरत्येय माझी."

"हात काढू नका," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. आजवर तो माझ्याशी त्या आवाजात बोलला नव्हता. गुरांशी बोलत असेल. "कळ थांबली की खूर वर उचला आणि आपल्याकडे आणा. आत्ता नाही. थांबा म्हटलं ना. आता."

खूर आला. मग गुडघा सरळ झाला, मग नाक दिसलं. मेहुणा आणि मालकीण दोघांनी ओढलं, आणि एक काळंभोर, चिकट रेडकू माझ्या पॅंटवर येऊन पडलं. ते शिंकलं. मालकीण गवताने त्याचं तोंड पुसत मला म्हणाली, "मास्तर, हात बरा हाय तुझा." पंचवीस वर्षं शिकवतोय, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते मी अशा दिवशी ऐकावं याची मला लाज वाटली.

आम्ही घाट उतरायला लागलो. अर्ध्यावर एका वळणाशी मेहुणा गाडी थांबवून म्हणाला, "ताईला मी सांगणार नाही. पण हात बरा होईपर्यंत दर रविवारी माझ्याबरोबर यायचं."

मी कबूल झालो. बायकोला मात्र मीच त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी आंघोळ करून या. दोनदा."

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. कधी म्हैस, कधी गाय, एकदा कशेडी घाटाच्या पायथ्याला एक शेळी, जिच्यासाठी माझाही हात मोठा ठरला. परवा पोहोचलो तेव्हा मेहुणा अंगणात पेंडीचं पोतं उजव्या हाताने उचलून पाठीवर टाकत होता, अगदी सहज. मी दिसताच त्याने पोतं खाली ठेवलं आणि कोपर धरून म्हणाला, "आई गं." मी औषधांची पिशवी घेतली आणि गाडीवर मागे जाऊन बसलो.