दसऱ्याचा पहिला काप

पाऊस उघडला की हंबीरराव बागेचे होत, घराचे उरत नसत. साखर कारखान्यात स्टोअरची नोकरी, आणि नोकरीतून उरलेला सगळा जीव कळंब्याच्या रस्त्याला बांधलेल्या घरापुढच्या त्या पट्ट्यात. भाद्रपद सरत आला की तण उपटायचं, शेवंतीच्या कुंड्यांना काठ्या बांधायच्या, शेणखत चाळून ठेवायचं, गुलाबांच्या बुडाची माती ओढून मुळ्यांना ऊन दाखवायचं. खंडेनवमीला कात्री, खुरपं, कुदळ, झारी पाटावर मांडून त्यांची पूजा करायची आणि दसऱ्याच्या सकाळी त्याच कात्रीनं गुलाबाला पहिला काप द्यायचा. गाव नव्या कपड्यात फिरत असे, तेव्हा हा माणूस जुन्या बनियनवर झाडापुढं उकिडवा बसलेला असे.

चिमणाबाईंना त्या बागेचा राग होता. नळाला पाणी नसे तेव्हा हापशावरनं घागरी त्यांनी आणल्या होत्या. शेणाच्या पाट्याही त्यांनीच वाहिल्या होत्या. कात्रीला मात्र त्यांचा हात लागलेला हंबीररावांना खपत नसे. "तुझा हात जड हाय," एवढंच म्हणायचे. छाटणीच्या आधी उतरवलेली फुलं साहेबांच्या बंगल्यावर जायची, देवळात जायची, कुणाच्या पोरीच्या गॅदरिंगला जायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत चिमणाबाईंनी एक गुलाब न विचारता तोडून अंबाड्यात खोवला होता. हंबीरराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर चिमणाबाईंनी बाजारचा गजरा माळला, पण घरचं फूल कधी माळलं नाही.

दोन हजार चारच्या श्रावणात हंबीररावांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "वाचा परत येऊ शकते. त्यांच्याशी बोलत राहा, मन कशात तरी गुंतवा." चिमणाबाई बोलत राहिल्या. भाजी काय केली, कोण मेलं, कुणाची सून माहेरी गेली. हंबीरराव ऐकत की नाही, कळत नसे. पुढच्या सोप्यात, ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं की त्यांची नजर बागेकडं लागे, ती जेवणापर्यंत तिथंच.

बागेत कंबरभर तण माजलं होतं. त्यातूनही झेंडू फुलला होता, शेवंतीनं कळ्या धरल्या होत्या. उन्हात चतुर भिरभिरत होते. कधी नव्हे ते चिमणाबाई पायरीवर टेकून ते बघत बसायच्या आणि कुणी आलं की झटकन उठायच्या.

घट बसले त्या दिवशी मुलानं, यशराजनं, जेवताना विषय काढला. "आई, गाडी घ्यायची ठरवलीय. सेकंडहँड हाय, पण चांगली हाय. दसऱ्याला संध्याकाळी घरी येणार."

"ये म्हणावं की."

"लावायची कुठं? बागेची जागा लागणार. सगळं काढून फरशी टाकून घेतो."

चिमणाबाईंनी सोप्याकडं बघितलं. खुर्चीची पाठ दिसत होती.

"माझ्यासाठी नव्हं," यशराज बायकोकडं, अनुजाकडं बघत हळू आवाजात म्हणाला. "आबास्नी व्यायामाला न्यायला रोज रिक्षा शोधायची. हिची कंबर गेलीय."

"परवा रिक्षात बसवताना त्यांचा पाय अडकला, आई," अनुजा म्हणाली. "मी धरलं नसतं तर तोंडावर पडले असते. आणि बाग आता बघणार तरी कोण?"

त्यात खोटं काही नव्हतं. हेच तर अवघड होतं.

"तू हो म्हण," यशराज म्हणाला. "तू नको म्हणालीस तर मी कुदळ मारणार न्हाई. पण मग आबांना उचलायचं कसं, ते तूच सांग."

चिमणाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. यशराजनं तोच होकार धरला आणि गुंडू गवंड्याला नवमीला सकाळी बोलावलं.

गुंडू आला, पण हात हलवत.

"पहार कुठाय? पाटी कुठाय?" यशराजनं विचारलं.

"पाटावर. आज खंडेनवमी न्हवं का?"

"अरे, मग काल सांगायचंस की."

"तुम्ही बोलवलं म्हणून आलो. मला वाटलं, प्रसादाला बोलवलंय." गुंडूनं फाटकातूनच हंबीररावांना नमस्कार घातला. "हंबीररावांच्या घरात हत्यार पुजत्यात, हे अख्ख्या गल्लीला म्हाईत हाय. तुम्हालाच म्हाईत न्हाई व्हय? दसरा झाल्यावर येतो."

यशराज कानापर्यंत लाल झाला. "उद्या मीच काढतो," असं बोलून तो आत गेला.

चिमणाबाईंनी कोनाड्यातनं कात्री, खुरपं, कुदळ काढली. धुतली, पुसली, पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. हंबीररावांची खुर्ची ओढून पाटासमोर आणली. त्यांनी डावा हात पुढं केला. तो कात्रीवर ठेवून ते तसेच बसून राहिले. चिमणाबाईंना तो हात उचलून बाजूला करायचं धाडस झालं नाही. उद्या याच माणसापुढं याच कुदळीनं पोरगा त्याची झाडं उपटणार, आणि आपण या माणसाला अजून काही सांगितलेलं नाही.

दसऱ्याला त्या लवकर उठल्या. दाराला तोरण बांधलं, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, पाटावरची पूजा उचलली. हंबीररावांना सोप्यात आणून बसवलं. आत यशराजची आंघोळ चालली होती. बादलीचा आवाज थांबला की तो बाहेर येणार.

चिमणाबाईंनी कात्री उचलली आणि बागेत उतरल्या. उपटायचीच आहेत तर पहिला काप तरी होऊ दे, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिलं झाड हंबीररावांनी स्वतः डोळा भरून कलम केलेलं, पिवळ्या गुलाबाचं. बुडातनं एक फांदी वर आली होती, हिरवीगार, सरळ, पुरुषभर उंच. बाजूला जुनी फांदी, काळपट, गाठाळ, टोकाला एकुलतं एक फूल. चिमणाबाईंनी आधी ते फूल उतरवून ओट्यावर ठेवलं. मग हिरवी फांदी राखायची ठरवून कात्री जुनीला लावली.

"न्हाई."

आवाज फाटका होता, घशात अडकून आलेला. चिमणाबाई वळल्या. हंबीरराव खुर्चीतून पुढं कलले होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"न्हाई," ते पुन्हा म्हणाले, आणि डावा हात उचलून हिरव्या फांदीकडं केला. तोडायची ती. कलमाच्या जोडाखालनं फुटलेला जंगली गुलाब होता तो. तो राहिला तर कलमाला मारून टाकतो. कुणालाही हे सांगताना चिमणाबाईंनी त्यांना वर्षानुवर्षं ऐकलं होतं, स्वयंपाकघरातनं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं. "श्रावणापासनं मी एकटी बडबडतीय," त्या म्हणाल्या. "एक हुंकार न्हाई. आणि तोंड उघडलं ते झाडासाठी, व्हय?"

हंबीरराव हात खाली घेत नव्हते.

चिमणाबाई खाली बसल्या आणि जंगली फांदी बुडातनं काढून टाकली. मग जुनीवर कात्री ठेवून विचारलं, "कुठं?"

हात जरा खाली आला. कात्री खाली सरकली. हात थांबला. काप पडला.

यशराज ओल्या डोक्यानं दारात उभा होता. हातात कुदळ होती. त्याच्यामागं अनुजा होती.

"आबा बोलले," अनुजा म्हणाली. "तुम्ही ऐकलं का?"

"ऐकलं." यशराजनं आईकडं बघितलं. "मग गाडीचं काय?"

"रस्त्यावर लाव."

"रात्री कुणी काच फोडली तर?"

"फोडू दे. त्यांना फाटकापर्यंत मी धरून आणीन. तुझ्या बायकोच्या कमरेला त्रास न्हाई व्हायचा."

"तुझं वय काय, बोलतीयास काय."

"शेणाच्या पाट्या वाहिल्यात मी. तुझा बाप काय जड हाय?"

यशराजनं कुदळ कोनाड्यात ठेवली, जरा जोरातच, आणि न जेवता गाडी आणायला गेला.

ऊन वर चढलं. छाटलेल्या फांद्यांचा कच्चा, तुरट वास सुटला होता. चिमणाबाईंनी ओट्यावरचं पिवळं फूल घेतलं, देठ आखूड केला आणि खुर्चीकडं तोंड करून, सावकाश, अंबाड्यात खोवलं.

हंबीररावांचे ओठ हलले.

"बोला की," चिमणाबाई म्हणाल्या. "आता येतंय तुम्हाला बोलायला."

मग त्यांनी साडीचा पदर खोचला, दुसऱ्या झाडापुढं बसल्या आणि विचारलं, "ह्याचं कुठं?"