पंधरा दिवसांचे कपडे

मी अंगणवाडीत काम करते, त्यामुळे लहान मुलांना थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. "आई आत्ता येते हं", "रडलास तर सुईवाल्या बाई येतील", असलं दिवसातून दहा वेळा तोंडातून जातं. पण मस्कतच्या विमानतळावर जी थाप मारली गेली ती माझी नव्हती. मी फक्त गप्प बसले. आता वाटतं, तेच जास्त वाईट.

माझा धाकटा दीर आणि जाऊ मस्कतला असायचे. गाडीच्या अपघातात दोघंही गेले. मागे राहिली त्यांची सात वर्षांची मुलगी. तिथेच राहणाऱ्या तिच्या मावशीने तिला वर्षभर सांभाळलं, आणि तोवर आम्ही नवराबायको तिला रीतसर दत्तक घ्यायच्या मागे लागलो. आम्हाला मूलबाळ नाही. शहापूरच्या वकिलाकडे खेटे घालून घालून माझ्या चपला झिजल्या, पण शेवटी कागद हातात आले आणि मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसून तिला आणायला गेले.

निघताना मावशीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पंधरा दिवस मजा कर काकूकडे. मग यायचंच आहे परत." मी मावशीकडे पाहिलं, तर तिने नजरेनेच मला गप्प राहायला सांगितलं. बिचारीचे डोळे भरून आले होते, पण मला तिचा असा संताप आला म्हणून सांगू! आणि तरी मी पोरीचा हात धरून मुकाट आत गेले.

विमानात तिने मला बॅगेत काय काय आहे ते सांगितलं. सात फ्रॉक, प्रत्येक दोनदा घालायचा, म्हणजे झाले चौदा दिवस, आणि परत जाताना घालायला एक नवा. "छान," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार, कपाळ माझं!

मुंबईला नवरा जीप घेऊन आला होता. तो मुरबाड ते कल्याण जीपच चालवतो, त्यामुळे कल्याण सोडलं तशी रस्त्यावरची माणसं सवयीने हात दाखवायला लागली. "आज पॅसेंजर नाय रे, आज घरचं माणूस हाय!" तो खिडकीतून ओरडायचा. पोरीला भारी गंमत वाटली. तीही सगळ्यांना हात हलवून दाखवायला लागली.

मुरबाडला चहाला उतरलो तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. "सांगितलंस का तिला?"

"घरी गेल्यावर."

"घरी गेल्यावर कवा?"

"मग तुमीच सांगा, एवढी घाई असेल तर."

तो लगेच बिस्किटाचा पुडा आणायला गेला. पुरुषांना अशा वेळी बरोबर दुकान दिसतं.

आमचं गाव मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. वेशीवर गावदेवी आहे. नवी सून, माहेरी जन्मलेलं तान्हं, बाजारातून आणलेली म्हैस, जे कोणी कायमचं राहायला येतं त्याला आधी देवीला दाखवायचं, नारळ फोडायचा आणि मगच घरी न्यायचं. पाहुण्यांना हे नाही, ते सरळ घरी येतात. इतक्या दगदगीत मी हे साफ विसरले होते. माझ्या चुलतसासू विसरल्या नव्हत्या. घरातल्या थोरल्या त्याच. नारळ घेऊन दुपारपासून देवीच्या ओट्यावर बसल्या होत्या.

"ये गो बाय," त्या मुलीला म्हणाल्या. "देवीला सांग, कोण तू ती."

तिने नीट हात जोडले, नाव सांगितलं आणि म्हणाली, "मी पाहुणी आलेय. पंधरा दिवसांनी जाणार."

नारळाचा हात वरच थांबला.

"काय गो," चुलतसासू माझ्याकडे वळल्या, "पोरीला सांगलं नाय तुमी? देवीपुढं खोटं नाय चालायचं."

मग सांगावंच लागलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि औषध पाजावं तसं घाईघाईत सांगून टाकलं. आता परत जायचं नाही, तू आमची मुलगी आहेस, इथेच राहायचं. ती रडली नाही. वळली, जीपमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

मी दुसऱ्या दाराने आत जाऊन तिच्या शेजारी बसले.

"मावशीला माहीत होतं?"

"हो."

"काकाला?"

"हो."

"आणि तुला? विमानात?"

"हो."

"आई-बाबा दवाखान्यात आहेत, असंपण मला चार दिवस सांगत होते," ती म्हणाली. "ते नव्हतेच."

हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अजून काय सांगितलं नाहीये मला?"

आता थाप मारायची माझी हिंमत नव्हती. मी सांगत सुटले. संडास अंगणात आहे. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तुझे बाबा लहानपणी झोपायचे ती खाट तुला ठेवलीय, पण ती करकरते. मला पटकन राग येतो, मी ओरडते. मुलं मी रोज सांभाळते, पण दुपारपर्यंतच, मग त्यांच्या आया त्यांना घेऊन जातात. कायमचं मूल मला कधी नव्हतं आणि मला भीती वाटते.

"अजून?"

"पहिल्यांदा मला विचारलं, तेव्हा मी नको म्हणाले होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग?"

"मग आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी काकाला म्हटलं, आणू या तिला. त्यानंतर एकदाही नको वाटलं नाही."

समोरच्या सीटचं फाटकं रेक्झिन ती बराच वेळ बोटाने उचकटत बसली. मग दार उघडून उतरली आणि देवीपुढे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले, पण तिचा हात धरायला धजले नाही.

"काय सांगू गो देवीला?" चुलतसासूंनी विचारलं.

"सांगा, राहायला आलेय," ती म्हणाली. "पण मला विचारून नाही आणलं."

चुलतसासूंनी देवीला ते जसंच्या तसं सांगितलं आणि नारळ फोडला.